द.सा.द.शे.

फळ्यावर ‘द.सा.द.शे.’ लिहिलं की आठवीच्या वर्गात कोणी ना कोणी हसतंच. एका वर्षी एका पोराने मधली टिंबं गिळून सलग वाचलं, “दसादशे”, आणि विचारलं, “बाई, हे गावाचं नाव आहे का?” दर साल दर शेकडा, मी सांगितलं. वर्षाला, शंभरामागे. मला हा शब्द फार आवडतो. व्याजाच्या व्यवहारात जे दोन प्रश्न आधी विचारायचे, किती काळाचं आणि किती रकमेवर, त्यांची उत्तरं त्याने नावातच देऊन टाकली आहेत. खेड्यात सावकाराचं ‘शेकडा दोन’ चालायचं, त्यात साल गाळलेलं असे, कारण ते महिन्याचं असे. दोन रुपये म्हटल्यावर काही वाटत नाही. वर्षाचे चोवीस म्हटल्यावर वाटतं.

आमच्या वेळी सरळव्याजाचं सूत्र म, द, क असं होतं. मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. आता पुस्तकात इंग्रजी अक्षरं आली आहेत, पण मी वर्गात अजून मदकच चालवते. पोरांच्या ते तोंडात बसतं. व्याजाची उदाहरणं शिकवून मला सतरा वर्षं झाली. कोणी शेतीसाठी कर्ज घेतं, कोणी पतपेढीत ठेव ठेवतं, कोणी तीन वर्षांनी रास, म्हणजे व्याजासकट मुद्दल, घेऊन घरी जातं. पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बँकेने निरोप धाडला की आता दहाचे साडेबारा झाले, असं उदाहरण मला कुठल्या स्वाध्यायात भेटलेलं नाही. चक्रवाढीत म दरवर्षी फुगतो, क हवा तेवढा धरता येतो. द मात्र एकदा छापला की छापला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आम्ही मोशीला फ्लॅट घेतला तेव्हा मीही द छापलेलाच धरला. गणिताच्या बाई असून.

त्या दिवाळीच्या सुमाराला गृहकर्जं इतकी स्वस्त होती की स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. आम्हाला ६.७० टक्क्यांनी मिळालं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी नव्वदच्या दशकात पंधरा टक्क्यांच्या आसपास कर्ज काढून घर केलेलं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला फुकटच मिळतंय की गं.” घर माझ्या नावावर केलं, कारण त्याच वर्षीच्या एप्रिलपासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली होती. चाळीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, हप्ता ३०,२९६. मी तेव्हा अडतीसची. वीस वर्षांनी अठ्ठावन्न, आणि अनुदानित शाळेतली शिक्षिका अठ्ठावन्नाला निवृत्त होते. शेवटचा पगार आणि शेवटचा हप्ता एकाच वर्षात. बाकी शून्य आली की पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर आलं असणार.

मंजुरीपत्राच्या चौथ्या पानावर एक ओळ होती: रेपो दर अधिक २.७०. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं अशी बाहेरच्या एखाद्या मापाला बांधावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी माप म्हणून रेपोच धरला आहे. रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो रेपो. तेव्हा तो ४ टक्क्यांवर होता, मे २०२० पासून तिथेच बसलेला. म्हणजे माझा द हा दोन आकड्यांची बेरीज होता, आणि त्यातला दुसराच काय तो पक्का होता. सही करताना मी ही ओळ वाचली होती. वाचून पान उलटलं होतं.

४ मे २०२२, बुधवार. आम्ही निकालपत्रकं भरत बसलो होतो. एलआयसीचा शेअर त्याच दिवशी विक्रीला खुला झाला होता, त्यामुळे अर्धी स्टाफरूम पॉलिसीधारकांच्या सवलतीची चौकशी करण्यात गुंतलेली. दुपारी दोनच्या सुमाराला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास बोलायला आले. पतधोरणाची ठरलेली बैठक जूनमध्ये होती, महिनाभर थांबायची त्यांची तयारी नव्हती. रेपो ४.४०. सेन्सेक्स त्या दिवशी १,३०६ अंकांनी आपटला. नवऱ्याचा फोन आला, “वाढला गं.” मी म्हटलं, “अर्धा टक्कासुद्धा नाही. ठेव, मला गुण भरायचेत.”

कारण उघड होतं. युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यापासून सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी हातात घेताना आम्ही सगळ्या बायका आधी किंमत वाचत होतो. त्या एप्रिलची किरकोळ महागाई ७.७९ टक्के निघाली. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट ४ आणि वरची मर्यादा ६. व्याज वाढवलं की लोक कर्ज कमी काढतात, खर्च आवरता घेतात, आणि हळूहळू भाव थंडावतात, असं हे औषध. तेल महाग झालं म्हणून माझा हप्ता महाग करायचा, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं खरं. पण उपाय म्हणून तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. का, ते माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, गोष्टीत येईल.

जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी ५.९०, डिसेंबरात ६.२५, आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के. आणि माझा हप्ता? दर महिन्याच्या पाच तारखेला तोच, ३०,२९६. स्टाफरूममध्ये कोणी व्याजदराचा विषय काढला की मी सांगायचे, आमच्या बँकेने काही वाढवलं नाही हं.

मार्चमध्ये आम्ही संपावर होतो. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, मी त्यातलीच. संप मिटला, शाळा सुरू झाली, आणि संपाच्या दिवसांचा पगार कापला तर हप्त्याचं कसं, या काळजीने मी पहिल्यांदाच ॲपवर कर्जाचं खातं नीट उघडून पाहिलं. मे महिन्याच्या हप्त्याची फोड तिथे दिसली.

व्याज २९,९६७. मुद्दल ३२९.

मला आधी वाटलं एखादं शून्य खाल्लं गेलंय. म्हणून कागद घेतला. पहिल्या हप्त्यात मुद्दलाला ७,९६३ रुपये गेले होते. मग दर ७.६० झाला तेव्हा पाच हजार तीनशे. ८.६० ला बावीसशे. ८.९५ ला अकराशे. ९.२० ला तीनशे एकोणतीस. सतरा महिन्यांत मी पाच लाख पंधरा हजार भरले होते आणि कर्ज एक्याण्णव हजारांनी उतरलं होतं. मग उरलेले हप्ते मोजले. लॉगॅरिथम बीएस्सीनंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी वापरला. उत्तर आलं पाचशे ब्याण्णव महिने. एकोणपन्नास वर्षं चार महिने. मी एकोणनव्वदाव्या वर्षी कर्जमुक्त होणार होते.

हप्ता हलला नव्हता, कारण बँकेने द वाढल्याची सगळी भरपाई क मधून करून घेतली होती. माझं भांडण अजूनही दर वाढण्याशी नाही. ते या गप्प राहण्याशी आहे. हप्ता सहा हजारांनी वाढला असता तर मी त्याच महिन्यात ओरडले असते, खर्चाला कात्री लावली असती. पैसे वाढवून मागितले की माणूस ओरडतो. वर्षं वाढवून घेतली की त्याला कळतसुद्धा नाही, कारण ती वर्षं अजून आलेली नसतात.

बँकेतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. “मॅडम, सिस्टीम आधी मुदतच वाढवते. कस्टमरला त्रास नको म्हणून.”

“मला नव्वदीपर्यंत त्रास नको म्हणून?”

तो हसला नाही. म्हणाला, “नाही नाही, वयाची मर्यादा आहे ना. तुम्हाला पत्र येणारच होतं.” मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मूळ मुदत तशीच ठेवायची, म्हणजे उरलेले २२३ महिने, तर हप्ता ३६,६४०. ६,३४४ रुपये जास्त. मी तिथेच अर्जावर सही केली. त्यानंतर चार महिन्यांनी, १८ ऑगस्ट २०२३ ला, रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना बजावलं की दर बदलला की कर्जदाराला त्याचा परिणाम कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला ठरवू द्या, आणि निदान महिन्याचं व्याज तरी भागेल एवढा हप्ता ठेवा. बरं झालं. आमची पाळी तेवढी आधी लागली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिचं माहेर पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं. १२ मे १८७५ ला याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि वह्या ओढून काढून जाळल्या. तिथून तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, आणि चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आईला सनावळी माहीत नाही. तिला एवढंच माहीत की तिचे आजोबा सांगायचे, व्याज रात्रीसुद्धा चालतं. तिने विचारलं, “दामदुपटीच्या वर गेलं का?” दामदुपटीचा नियम आपल्याकडचा जुना. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला. माझ्या हप्त्यांना तो लागू नाही, कारण मी व्याज थकवत नाही, भरते. पण आईने विचारलं म्हणून आकडे मांडले. वीस वर्षं ६.७० ने गेली असती तर एकूण व्याज बत्तीस लाख एकाहत्तर हजार, चाळीसच्या आत. तेच कर्ज पहिल्यापासून ९.२० ने असतं तर सत्तेचाळीस लाख एकसष्ट हजार. आई म्हणाली, “मग गेलंच की.”

अण्णा तेव्हा आतल्या खोलीत कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत बसले होते.

भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते, २००९ साली निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधीतलं, ईपीएस-९५ चं पेन्शन महिना एकवीसशे. बाकी सगळी भिस्त व्याजावर. नव्वदच्या दशकात ठेवींवर बारा-तेरा टक्के मिळायचे, ते दिवस ते जेवणाच्या आठवणी सांगावेत तसे सांगतात. मध्ये एका पतसंस्थेत चाळीस हजार बुडाले. तेव्हापासून पोस्ट. मे २०१५ मध्ये त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पंधरा लाख ठेवले, दर होता ९.३. तिमाहीला ३४,८७५ रुपये. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या पहिल्या कामाच्या दिवशी ते पासबुक घेऊन निघायचे, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पगाराच्या दिवशी निघायचे तसेच.

पाच वर्षं सरली तेव्हा बाहेर टाळेबंदी होती. जून २०२० मध्ये तोंडाला रुमाल बांधून पोस्टात गेले, खातं पुन्हा उघडलं. दर ७.४. तिमाहीला २७,७५०. महिन्याला जवळपास चोवीसशे रुपये गळाले. तेही नशीबच म्हणायचं, कारण बँकांच्या मुदत ठेवी त्याहून कितीतरी खाली होत्या. शेजारच्या काकांनी तेव्हा एका पतसंस्थेचा अकरा टक्क्यांचा कागद आणून दिला. अण्णांनी तो चष्म्याच्या वरून वाचला आणि परत केला. सगळ्यांना तसं जमत नाही. व्याज फार खाली गेलं की म्हाताऱ्या माणसांचा पैसा नको त्या दारात जातो, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलंय, म्हणून स्वस्त कर्जांचं कौतुक ऐकताना मला नेहमी तो कागद आठवतो.

मी दर महिन्याला दोन हजार द्यायला लागले. अण्णा नाही म्हणायचे नाहीत, आणि घ्यायचेही नाहीत. मी नोटा टेबलावर ठेवायचे. त्या दोन दिवस देवाच्या फोटोखाली असायच्या, मग कधीतरी नाहीशा व्हायच्या. दोन वर्तमानपत्रांतलं एक बंद झालं. मंडईतून फळं आणणं बंद झालं. “आजकाल गोडच नसतात,” म्हणायचे. त्यात २०२२ ची महागाई आली. ७.४ टक्के व्याज आणि ७.७९ टक्के भाववाढ. पासबुकात आकडा वाढतो आणि पिशवीतलं सामान कमी होतं, असा तो महिना. म्हणून मी म्हटलं, ते औषध चुकीचं नव्हतं. मला कडू लागलं एवढंच.

तर कॅलेंडरच्या मागे अण्णांचं गणित चाललं होतं ते असं. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या योजनेचा दर ८.२ झाला होता. पण जुन्या खात्याला जुनाच दर, तो जून २०२५ पर्यंत ७.४ वर अडकलेला. मुदतीआधी मोडलं तर दोन वर्षांनंतर मुद्दलाच्या एक टक्का दंड, म्हणजे पंधरा हजार. मोडून नवीन उघडलं तर वर्षाला बारा हजार जास्त. उरलेल्या सव्वीस महिन्यांचे सव्वीस हजार. वजा पंधरा. अकरा हजार फायदा, शिवाय नवा दर २०२८ पर्यंत पक्का. खाली दोनदा रेघ मारली होती.

“बरोबर आहे का बघ,” म्हणाले. मी तपासलं. बरोबर होतं. मी कुठल्याही विद्यार्थ्याला यापेक्षा चांगलं उदाहरण दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पोस्टात गेले. काउंटरवरच्या मुलाने दोनदा विचारलं, “आजोबा, दंड कापला जाईल, चालेल ना?” अण्णांनी कागद पुढे सरकवला. दंडाचे पंधरा हजार त्यांनी बचत खात्यातून भरून पुन्हा पूर्ण पंधरा लाख केले. १५ एच फॉर्म आधीच भरून आणला होता, व्याजातून आधीच कर (टीडीएस) कापू नये म्हणून. बाहेर पडल्यावर त्यांनी रस्त्याच्या कडेच्या गाडीवरून एक डझन केळी घेतली.

रिक्षात मी मनात हिशेब करत होते. दर वाढण्याच्या एकाच लाटेने माझ्याकडून महिना सहा हजार तीनशे चौवेचाळीस काढून घेतले आणि अण्णांना महिना हजार दिले. बँकांचंही पाहा. कर्जं रेपोला बांधलेली, ती तीन महिन्यांच्या आत चढली. ठेवींचे दर मात्र पायरी पायरीने, दम खात वर आले. आणि माझा पीपीएफ? एप्रिल २०२० पासून ७.१. रेपो वर गेला, खाली आला, तो ढिम्म.

सहा हजार कुठून आणायचे यावर आम्ही दोघं नवरा-बायको तीन रात्री बसलो. माझी पाच हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, होती, शेअरबाजाराच्या निर्देशांक फंडात. नवऱ्याचं म्हणणं, थांबव. त्याचा मुद्दा अडाणी नव्हता. कर्जात जास्तीचा एक रुपया भरला की ९.२० टक्के वाचतात, हमखास; बाजार असं काही लिहून देत नाही. शिवाय जुन्या करप्रणालीत घराच्या व्याजाची वजावट दोन लाखांपर्यंतच, आणि माझं व्याज साडेतीन लाखांच्या पुढे, त्यामुळे वरच्या व्याजावर करही वाचत नव्हता. तरी मी दोन हजार चालू ठेवले. मला पेन्शन नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अण्णांच्या खुर्चीत बसणार आहे आणि तेव्हा द किती असेल ते मला कोणी छापून दिलेलं नाही. उरलेल्यात क्लासची दोन मुलं वाढवली, हॉटेल बंद केलं, आणि गावची यात्रा एसटीने केली. हे लिहायला जितकं सोपं आहे तितकं ते घरात नव्हतं, पण सगळ्या घरांत ते सारखंच असतं, त्यामुळे लांबवत नाही.

एक चूक मात्र सांगितली पाहिजे. अडीअडचणीसाठीचे दीड लाख मी २०२१ मध्ये सरकारी रोख्यांच्या फंडात ठेवले होते. कोणीतरी म्हणालं, सरकारी आहे, बुडत नाही. मी दुसरं काही विचारलं नाही. जून २०२२ मध्ये पाहिलं तर एक लाख सेहेचाळीस हजार आठशे. सरकार बुडालं नव्हतं, मग पैसे कसे आटले? मला हे समजलं ते अण्णांच्या पासबुकावरून. समजा, त्यांचं ९.३ चं खातं विकता येणारं असतं आणि त्याची तीन-चार वर्षं शिल्लक असताना २०२० साल आलं असतं. नवं खातं ७.४ देतंय, मग ९.३ वाल्या खात्यासाठी लोकांनी पंधरा लाखांवर वर पैसे मोजले असते. आणि उलट, बाजारात ८.२ मिळत असताना ७.४ वालं खातं पंधराला कोण घेईल? भाव पाडूनच विकावं लागेल. फंडातल्या रोख्यांचा असाच लिलाव रोज चालतो. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा मी पैसे ठेवले तेव्हा सव्वासहाच्या आसपास होता, जून २०२२ मध्ये साडेसातच्या वर. नवे रोखे जास्त देऊ लागले, माझ्या फंडातले जुने स्वस्त झाले. बुडण्याची भीती नसणं आणि भाव न हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पंधरावीपर्यंत गणित शिकून कळलं नव्हतं. मी पैसे काढले नाहीत. पुढे ते भरून आले. पण अडीअडचणीचे पैसे आता साध्या ठेवीत असतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अण्णांच्या नव्या खात्याचं पहिलं पूर्ण तिमाहीचं व्याज आलं. ३०,७५०. दाढी, इस्त्रीचा शर्ट, पोस्ट. घरी आले आणि माझ्यासमोर सहा नोटा ठेवल्या, पाचशेच्या.

“हे काय?”

“तीन हजार. सत्तावीस सातशे पन्नास यायचे, आता तीस सातशे पन्नास आले. वरचे तुझ्या मुद्दलात टाक.”

मी म्हटलं, अण्णा, तुमचा पंधरा हजार दंड अजून वसूल व्हायचाय. औषधं आहेत. आईचे डोळे दाखवायचेत. ते काही बोलले नाहीत, चहा पीत राहिले. नोटा टेबलावर होत्या. मला देवाच्या फोटोखालच्या नोटा आठवल्या, आणि मी त्या उचलल्या. दोन दिवस लावले नाहीत.

“पावती दे हां,” म्हणाले.

बदलत्या दराच्या गृहकर्जात मध्येच पैसे भरले तर दंड नसतो. मी ॲपवरून भरते आणि शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून पावतीची प्रिंट काढून आणते. दर ९.२० च राहिला आणि हे पैसे शेवटपर्यंत येत राहिले, तर शेवटाकडून चौदा-पंधरा महिने कमी होतात, असा हिशेब निघाला. तो मी अण्णांना दाखवला. त्यांनी ‘चौदा-पंधरा’ खाली पेन्सिलने रेघ मारली. पावत्या ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, पोस्टाच्या पासबुकाशेजारी.

मग दोन वर्षं रेपो ६.५० वर तसाच राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उतरायला लागला: ६.२५, एप्रिलमध्ये ६, आणि ६ जूनला एकदम अर्धा टक्का, ५.५०. बँकेचा मेसेज १ जुलैला आला. माझा दर ८.२०. हप्ता मी तोच ठेवला, मुदत घटू दिली. या वेळी विचारून, सही करून. त्याच दिवशी अण्णा पोस्टातून आले. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा पुसला, आधी फोन पाहिला, मग पासबुक उघडून पहिल्या पानावरचा शिक्का पाहिला.

“सारखंच झालं की,” म्हणाले, आणि आईला हाक मारून तिलाही दाखवलं.

त्या आठवड्यात वर्गात एका मुलीने हात वर केला. “बाई, दर मध्येच बदलला तर?” मी म्हटलं, बदलला त्या दिवशीची रास काढायची, तीच नवीन मुद्दल, आणि तिथून पुढे पुन्हा पहिल्यापासून. तिने वहीत लिहून घेतलं. परीक्षेला येणार का, असंही विचारलं.

५ डिसेंबरला रेपो ५.२५ झाला. यंदा जानेवारीपासून माझं कर्ज ७.९५. अण्णांचं खातं एप्रिल २०२८ पर्यंत ८.२. परवा त्यांनी नेहमीसारखे तीन हजार मोजून ठेवले तेव्हा मी म्हटलं, “अण्णा, आता उलटं झालंय. तुमचा दर जास्त, माझा कमी. हे माझ्या कर्जात टाकण्यापेक्षा पोस्टात तुमच्याच नावावर ठेवले तर चार पैसे जास्त मिळतील.”

“वाचलंय मी पेपरात.” नोटा माझ्याकडे सरकवून ते डब्याचं झाकण उघडायला लागले. “ऑक्टोबरची पावती अजून दिली नाहीस.”